पाणी असून रोप तहानलेलं का?



आपल्या जाफराबाद-भोकरदन पट्ट्यात उन्हाळी मिरचीत हे हमखास दिसतं. ड्रीप चालू, मल्चिंगखाली ओल भरपूर, तरी रोप दुपारी मान टाकतं, पानांच्या कडा करपतात. लगेच दुकानातून आणखी एक विद्राव्य खत येतं. माझं स्पष्ट मत आहे, मर रोग नसेल तर खताची पुडी फोडण्याआधी पाण्याचा आन् मातीचा ईसी बघा.

कारण घरातच आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. पेशीचा पडदा पाणी जाऊ देतो, क्षार सहजासहजी जाऊ देत नाही. म्हणून पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे सरकतं. यालाच परासरण म्हणतात. मुळीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून मुळी पाणी ओढते. आपण खत ओतून मातीतलं पाणीच घट्ट केलं, की ओढ कमी होते. फारच झालं तर मुळीतलं पाणी उलट बाहेर येतं. मग वावरात पाणी असून झाड तहानलेलंच.

मिरची यात नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काचा ईसी 1.5 डेसिसायमनच्या वर गेला की उत्पादन घटू लागतं, पुढे दर 1 ला साधारण 14 टक्के.

खतंही सारखी नसतात. क्षार निर्देशांकात सोडियम नायट्रेट 100 धरलं, तर एमओपी 116, युरिया 75, एसओपी 46. बोअरचं पाणी खारट असेल तर पालाशसाठी एसओपी महाग असूनही परवडतं, असं मला वाटतं. आन् एक ध्यानात ठेवा, युरिया पाण्यात विरघळला तरी ईसी मीटरवर दिसत नाही. मीटर गप्प म्हणून युरिया वाढवू नका.

खारपाणपट्टा विदर्भातल्या पूर्णेकाठी. ती पूर्णा तापीला मिळते, आपली गोदावरीला. पण बेडवर रोज खत सोडलं, तर खारपाण आपल्या वावरातही तयार होतं.

ईसी वाढलेला निघाला तर खत थांबवा, निचरा चांगला असेल तर चांगलं पाणी सोडून क्षार मुळीखाली जाऊ द्या. पुढं डोस थोडा-थोडा, विभागून. चार-पाच जणांत मिळून एक मीटर घ्या, जड जाणार नाही.

तुमच्या बोअरचा ईसी किती निघाला, खाली लिहा.