तलफ कोणाला येते?

परवा नेवासे तालुक्यातले एक माळकरी बाबा दवाखान्यात आले. वय साठीच्या पुढे, गालाच्या आत पांढरा चट्टा. तंबाखू किती वर्षांपासून, असे विचारले तर हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तंबाखू देह खातो. आपण नुसते साक्षी!"

मी म्हटले, "मग पुडी सापडली नाही की घर डोक्यावर घेतो तो कोण?" बाबा गप्प झाले. मीही गप्प झालो. कारण बारा वर्षे मीही तंबाखू मळली आहे. माझी पळवाट एवढीच, की मी 'उद्यापासून बंद' म्हणत असे.

नेवाशाच्या माणसाच्या तोंडी अद्वैत यावे यात नवल नाही. १२९० साली तिथेच, प्रवरेकाठी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण अद्वैत देहाला सवलत देत नाही. निसर्गदत्त महाराजांचे मुंबईत विड्यांचे दुकान होते. खेतवाडीतल्या लहानशा माळ्यावर बसून त्यांनी देशोदेशीच्या साधकांना 'तू देह नाहीस' हे सांगितले. ते स्वतः विडी ओढत. १९८१ मध्ये घशाच्या कर्करोगाने ते गेले. त्यांच्या अधिकाराबद्दल मला आदरच आहे. परंतु विडी ओढणारा ज्ञानी आहे की अडाणी, हे धूर पाहत नाही.

मग अद्वैताचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे, फक्त तो योग्य जागी करावा.

तंबाखूतल्या निकोटीनची मेंदूला सवय लागते. रक्तातले प्रमाण उतरले की बेचैनी सुरू होते, तीच तलफ. चिमूट तोंडात गेली की बरे वाटते. पण ही बेचैनी आधीच्या चिमटीनेच लावलेली असते! अद्वैतही असेच सांगते, की सुख वस्तूत नसते. 'हवे हवे' थांबले की जे उरते त्याला आपण वस्तूचे सुख समजतो.

तलफेचे सारे लक्ष पुढच्या क्षणावर असते. 'खाल्ल्यावर बरे वाटेल' या आशेवर ती जगते. म्हणून ती आली की तिच्याशी भांडू नका, तिचे ऐकूही नका. आत्ता काय होते आहे तेवढे पाहा. तोंडाला पाणी सुटले, जबडा ताठला, हात खिशाकडे निघाला. श्वास सावकाश घ्या. बहुतेक तलफा काही मिनिटांत लाटेसारख्या चढतात आणि ओसरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीसाठी हीच लाटेची उपमा वापरली. 'जन्मभर सोडायची' म्हटले की छाती दडपते. पण समोरची एक तलफ सोसता येते, आणि आपल्याला दर वेळी तेवढीच सोसायची असते.

तरीही, वाचकहो, नुसत्या पाहण्यावर सगळे सोपवू नका. पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड होते, झोप उडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगम घेण्यात कमीपणा नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती एकाएकी बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. त्याने आधी डॉक्टर गाठावा. आणि तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर तपासणी टाळू नये.

बाबांच्या चट्ट्याचा तुकडा तपासणीला पाठवला आहे. अहवाल यायचा आहे. निघताना त्यांना एवढेच सांगितले, "बाबा, साक्षी व्हा, जरूर व्हा. पण तंबाखूचे नको, तलफेचे व्हा."