नखे, शिंगे आणि माशाचे पर

माशाला दुखते का, असा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. आमचे अजिंठा गाव कोरडवाहू. तेथे मासा पाहायचा तो बाजारच्या दिवशी, विकणारणीच्या पाटीत. काचेच्या पेटीत मासा सोडून त्याच्याकडे नुसते पाहत बसायचे असते, हे मला शहरात आल्यावर कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. खानावळीचे पैसे सुटावेत म्हणून मी संध्याकाळी एका फिश टँकच्या दुकानात काम धरले. टँक धुणे, पाणी बदलणे, खाद्य टाकणे. काम वाईट नव्हते. खोटे कशाला बोलू, ते रंगीत मासे पाहून दिवसाचा शीण जाई.

एके दिवशी मालकांनी मला एक फायटर जाळीत धरायला सांगितला. फायटर म्हणजे झिरमिळ्यांसारखे लांब पर असलेला, मूळचा थायलंडकडचा मासा. तो पाण्यावर येऊन हवाही घेतो, म्हणून दुकानदार त्याला बिनदिक्कत बरणीत ठेवतात. या माशाची शेपटी एका बाजूने फाटली होती. मालकांनी बारीक कात्री घेतली आणि दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या. जाळीतला जीव माझ्या हाताखाली थडथडला. माझा चेहरा पाहून मालक हसले. म्हणाले, "अरे, आपण नखं कापतो ना? तसंच हे. परत येतं."

दुसऱ्या दिवशी तो मासा विकला गेला. घेणारा शाळकरी मुलगा होता. त्याने मला विचारले, "दादा, याची शेपटी कापल्यासारखी का दिसते?" मी म्हणालो, "याची जातच तशी असते." आठ दिवसांनी तो मुलगा रिकामी बरणी घेऊन आला. शेपटीवर कापसासारखे पांढरे आले आणि मासा मेला, म्हणाला. मी गप्प राहिलो. त्या मुलाला जे सांगायला हवे होते, ते आज या अंकात लिहीत आहे.

मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पराचे मूळ शाबूत असेल तर कापलेला भाग पुन्हा वाढतो. अमेरिकेत मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले सामन मासे ओळखता यावेत म्हणून त्यांच्या पाठीवरचा एक लहान पर कापतात. पर फार सडला असेल तर जाणकार माणसे माशाला लवंगाच्या तेलाने गुंगी देऊन तेवढा भाग काढतात आणि पुढे पाणी अतिशय स्वच्छ ठेवतात. पण पर म्हणजे नख नव्हे. नखाच्या टोकाला रक्त नसते, संवेदना नसते. परात दोन्ही असतात. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इजा ओळखणाऱ्या नसा माशाच्या डोक्यावर व तोंडाजवळ आहेत आणि इजा झाली की त्याचे वागणे बदलते, असे त्यांना आढळले. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण वाद आहे म्हणून कात्री चालवावी, की वाद मिटेपर्यंत हात आखडावा?

शिवाय सगळेच परत येत नाही. पॅरट नावाच्या माशाची शेपटी तो लहान असतानाच मुळापासून छाटतात, म्हणजे मोठेपणी तो बदामाच्या आकाराचा दिसतो. 'हार्ट पॅरट' या गोड नावाने तो विकला जातो. पोहायच्या अवयवाची किंमत देऊन तो सुंदर झालेला असतो, आणि ती किंमत गिऱ्हाइकाने दिलेली नसते.

सुटीत घरी गेलो तेव्हा हे सारे अप्पांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "मग आपल्या बैलाला येसण घातली, खच्ची केला, तव्हा कुठं होता तू? पोळ्याला शिंगं साळतो ती कोनासाठी?" मला उत्तर सुचेना. पुढे ग्रंथालयात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा वाचला. त्यात माणूस सोडून प्रत्येक जिवाला 'प्राणी' म्हटले आहे. म्हणजे मासाही आला. विहित पद्धतीने वेसण घालणे, खच्ची करणे, शिंगे काढणे यांना मात्र सूट आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! आमच्या दुकानात साधा फायटर त्याहून महाग आहे. कायद्याने अप्पा सुटले, पण माझे समाधान झाले नाही.

उत्तर सापडले ते अप्पांच्याच वागण्यात. वेसण घातल्यावर ते बैलाच्या नाकाला हळद-तेल लावतात आणि जखम भरेपर्यंत त्याला औताला जुंपत नाहीत. वेसण योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. पण बैलाला दुखत नाही, असे अप्पा कधी म्हणाले नाहीत. दुखते हे जो कबूल करतो, त्यालाच पुढचा प्रश्न पडतो: एवढे दुखवण्याइतके कारण माझ्याकडे आहे का? 'नखासारखे आहे' म्हटले की तो प्रश्नच संपतो. फाटका मासा सारखा दिसावा, बदामासारखा दिसावा, हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

आमच्या लेण्यांपैकी १७ क्रमांकाच्या लेण्यात मच्छ जातकाचे चित्र आहे. दुष्काळात तळे आटते आणि मासे तडफडू लागतात. तेव्हा माशाच्या जन्मातला बोधिसत्त्व म्हणतो, मी कधी कुठल्याही जिवाला मारले नाही, या सत्याच्या बळावर पाऊस पडो. आणि पाऊस पडतो. शाळेच्या सहलीत ही लेणी मी दोनदा पाहिली, पण अर्थ आता लागतो आहे. त्या कथेत मासा खरे बोलून सगळ्यांना वाचवतो. मी एका माशाबद्दल खोटे बोललो.

मित्रहो, काम मी सोडलेले नाही. खानावळीचे बिल थांबत नाही. पण यापुढे दिसण्यासाठी पर कापायचा असेल तर जाळी धरणार नाही, असे मालकांना सांगितले आहे. ते पुन्हा हसले. तो मुलगा मात्र अजून दुकानात आलेला नाही. आला तर त्याला खरे सांगणार आहे.