नकाशातील बाग जमिनीवर केव्हा उतरणार?

महानगरपालिकेच्या नगररचना विभागात मंजुरीसाठी येणारा गृहप्रकल्पाचा नकाशा पाहावा. त्यात इमारतीभोवती सोडलेली सामासिक अंतरे असतात, एका कोपऱ्यात खुली जागा आखलेली असते, झाडांची वर्तुळे काढलेली असतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचा खड्डाही दाखविलेला असतो. नकाशा मंजूर होतो, इमारत उभी राहते, सदनिका विकल्या जातात, गणेशपूजन होऊन कुटुंबे राहावयास येतात. त्यानंतर दोन वर्षांनी तोच नकाशा हाती घेऊन त्या आवारात उभे राहिले, तर काय दिसते? बागेच्या जागी फरशी, झाडांच्या जागी दुचाक्यांसाठी पत्र्याचे छत आणि शोषखड्ड्याच्या जागी जनित्र. कागदावरील हिरवळ कागदावरच वाळून गेलेली असते.

हे चित्र मुंबई-पुण्याचे आहे, असे समजून आपण मराठवाड्यातील माणसे आजवर निश्चिंत राहिलो. आता तशी सोय उरलेली नाही. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ साली अस्तित्वात आली, लातूरची २०११ साली. या दोन्ही नगरांची वाढ कारखान्यांपेक्षा शिक्षणाने अधिक घडविली. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीने मराठवाडाभरातून मुले लातुरात येऊ लागली, पुढे नांदेडमध्येही शिकवणी वर्गांच्या वसाहती वसल्या. मुलाच्या दहावी-बारावीसाठी गावाकडची आई शहरात बिऱ्हाड करते, शेतकरी बाप दोन एकर विकून सदनिका घेतो. वाडा आणि बंगला यांची जागा आता 'अपार्टमेंट'ने घेतली आहे. एका भूखंडावर आठ, दहा, बारा कुटुंबे राहू लागली आहेत. त्या कुटुंबांतील मुलांनी खेळावे कोठे आणि वृद्धांनी सायंकाळी बसावे कोठे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच अजेंड्यावर नाही.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. मुंबई व काही अपवाद वगळता साऱ्या महाराष्ट्रासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तीनुसार चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना दहा टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. त्या खुल्या जागेत व्यायामशाळा वा क्लबहाऊस यांसारखे बांधकाम करावयाचे झाले तर तेही पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत. पाचशे चौरस मीटर व त्यावरील भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था सक्तीची आहे. झाडांसाठी तर १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला 'वारसा वृक्ष' असा दर्जा मिळाला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर आपण सारे उपवनात राहतो!

मग उणे कोठे आहे? पहिले उणे आकड्यांतच दडलेले आहे. लातूर आणि नांदेडमधील बहुसंख्य अपार्टमेंट चार हजार चौरस मीटरच्या जमिनीवर उभी राहत नाहीत. ती उभी राहतात जुन्या रेखांकनातील दोन-तीन हजार चौरस फुटांच्या भूखंडांवर. वीस-तीस वर्षांपूर्वी कोणी शेतजमीन अकृषिक करून तीत चाळीस भूखंड पाडले आणि नियमाप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडली. तो हिशेब चाळीस कुटुंबांचा होता. आज त्याच चाळीस भूखंडांवर प्रत्येकी दहा सदनिका झाल्या, तर तेथे चारशे कुटुंबे राहतील. खुली जागा मात्र तेवढीच. किंबहुना, अतिक्रमणांमुळे तेवढीही नाही. प्रत्येक नवा भूखंड चार हजारांच्या मर्यादेच्या आत असल्याने कोणावरच नव्या खुल्या जागेचे दायित्व येत नाही. प्रत्येकाने नियम पाळला आणि वसाहत तरीही गुदमरली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

दुसरे उणे त्याहून जुने आहे. गुंठेवारीने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींत तर खुली जागा सोडण्याचा प्रश्नच नव्हता. २००१ च्या कायद्याने अशा वसाहती नियमित करण्याची वाट मोकळी केली आणि २०२१ च्या सुधारणेने तीच मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु नियमित करण्याच्या शुल्काबरोबर त्या वस्तीला एखादे मैदान, एखादी वृक्षराजी मिळवून देण्याचा विचार शासनाने केला असता, तर त्या नियमितीकरणाला खरा अर्थ आला असता.

कोणी म्हणेल, पोटाचे प्रश्न असताना ही बागांची चैन कशाला? लातूरकराने तरी असे म्हणू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या पहिल्या 'जलदूत' गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. आता एक साधा हिशेब मांडू. एखाद्या गृहसंकुलाच्या गच्चीचे क्षेत्र हजार चौरस मीटर आहे आणि वर्षभरात सातशे मिलिमीटर पाऊस पडला, असे धरू. त्यातील वीस टक्के वाया गेला तरी त्या एका गच्चीवरून साडेपाच लाख लिटरहून अधिक पाणी खाली येते. म्हणजे जे पाणी साऱ्या देशाने दूरदर्शनवर कौतुकाने येताना पाहिले, तेवढे एका संकुलाच्या गच्चीवरून दर पावसाळ्यात गटारात जाते. आवारातील चार हात मोकळी माती, एक शोषखड्डा आणि त्याभोवतीची झाडे यांचे मोल इतके आहे. संपूर्ण आवाराला फरशी घालून आपण तेच मोल बुजवितो आणि पुढे बोअर आटली की टँकरच्या रांगेत उभे राहतो.

पाण्याइतकीच दुसरी आठवणही या जिल्ह्याला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, ते विसरणे शक्य नाही. अरुंद गल्ल्या आणि दगडमातीच्या जाड भिंती यांत हजारो जीव गेले. त्यानंतर पुनर्वसित गावे वसविताना रस्ते रुंद ठेवले गेले, घरांमध्ये अंतर राखले गेले. जमीन हादरली किंवा आग लागली तर माणूस धावतो तो मोकळ्या जागेकडे. उंच इमारतींभोवती अग्निशामक बंब फिरू शकेल एवढी सहा मीटरची वाट नियमावली मागते, ती याचसाठी. त्या वाटेवर गाळे काढणारा आणि ते विकत घेणारा, दोघेही शेजाऱ्याच्या जिवाशी खेळत असतात.

आपल्या परंपरेत घर हे भिंतींपाशी संपत नाही. अंगणातील तुळशीवृंदावन, परसातील केळ आणि अळू, वेशीवरचा पार बांधलेला पिंपळ, गावाबाहेरची देवराई हे सारे मिळून घर होते. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्ठी यांची सलग मालिका सांगितली. त्यातील सृष्टीला आपण सदनिकेच्या बाल्कनीतील दोन कुंड्यांत कोंबले आहे. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी विकत आणून पूजा करणाऱ्या भगिनींचा दोष नाही. त्यांच्या वसाहतीत वड उरलेलाच नाही. ज्या जिल्ह्यातील वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे, तेथे वडाची फांदी तोडून वटव्रत करावे लागावे, यासारखी विसंगती दुसरी कोणती?

येथे एक कटू गोष्ट आपल्याच घरात बोलली पाहिजे. वसाहतीतील खुल्या जागेवर पहिले अतिक्रमण पुष्कळदा देवाच्या नावाने होते. आधी एक चौथरा, मग छत, मग सभामंडप आणि अखेरीस मंडपाला टेकून दोन दुकाने. ते हटवू म्हणणारा धर्मद्रोही ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने अशा जागांवर कोणत्याही धर्माच्या अनधिकृत वास्तूला मज्जाव केला. परंतु न्यायालयाने सांगितले म्हणून नव्हे, तर धर्माने सांगितले म्हणून आपण हे थांबविले पाहिजे. मुलांचे मैदान बळकावून बांधलेल्या मंदिरात कोणता देव प्रसन्न होईल? मंदिर अवश्य व्हावे. ते स्वकष्टाच्या जागेवर, रीतसर परवानगीने व्हावे. इतरांच्या अतिक्रमणाकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकारही त्यानेच प्राप्त होतो.

खुली जागा ही कोणाची मेहेरबानी नसून नागरिकांचा अधिकार आहे, हे बंगळूरच्या रहिवाशांनी सिद्ध करून दाखविले. तेथील विकास प्राधिकरणाने उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयासाठी दिली. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरविले. रुग्णालय हे उपयुक्तच असते. तरीही उद्यानाची जागा उद्यानासाठीच, हा त्या निर्णयाचा आशय आहे. सार्वजनिक भूखंड 'चांगल्या कामासाठी' मागणाऱ्या आपल्याकडील सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

बांधकाम व्यावसायिकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. जमिनीचे भाव वाढले, शुल्के वाढली, परवानगीस विलंब लागतो. मोकळी सोडलेली प्रत्येक चौरस फूट जागा अखेर ग्राहकाच्याच माथी बसते, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु ज्या मोकळ्या जागेची किंमत ग्राहकाने सदनिकेच्या दरात मोजलेली आहे, ती त्याला न देणे ही काटकसर कशी म्हणावी? शिवाय झाडाला लागणारा खर्च तो केवढा? विदेशी गवताची हिरवळ आणि कोनोकार्पसच्या रांगा लावण्यापेक्षा कडुनिंब, करंज, बहावा, तामण, कांचन ही आपल्या मातीतील झाडे लावली तर पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ती स्वतःच्या पायावर उभी राहतात. नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो तेव्हा सावलीतील भिंत आणि उन्हातील भिंत यांतील फरक विजेच्या देयकावरही उमटतो.

महापालिकांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी अभियंत्याने जागेवर जाऊन झाडे आणि शोषखड्डा प्रत्यक्ष पाहावा, त्याचे छायाचित्र धारिकेत लावावे. शहरातील प्रत्येक जुन्या रेखांकनातील खुल्या जागेची यादी क्षेत्रफळासह प्रसिद्ध करावी आणि त्या जागेवर तसा फलक उभारावा. चार हजार चौरस मीटरहून लहान भूखंडावर बहुकुटुंबी इमारत उभारणाऱ्याकडून त्या वसाहतीच्या खुल्या जागेच्या विकासासाठी निधी घ्यावा आणि तो तेथेच खर्च करावा. यासाठी नियमावलीत दुरुस्ती लागेल. ती करून घेण्यासाठी आमदारांनी आपले वजन वापरावे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचे रूप पालटताना आपण पाहिले आहे. निश्चय असला की हे शक्य होते.

तथापि सारा भार प्रशासनावर टाकून मोकळे होणे हा आपला मार्ग नव्हे. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे जे पंच परिवर्तन ठेवले, त्यात पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य हे दोन विषय आहेत. गृहसंकुलाच्या आवारात ते दोन्ही एकत्र येतात. सदनिका घेताना स्वयंपाकघरातील ओट्याची लांबी पाहणाऱ्या कुटुंबाने मंजूर नकाशाही पाहावा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प असेल तर त्याची महारेराकडे नोंदणी बंधनकारक आहे. उद्यान व खेळाची जागा कायद्याने सामाईक क्षेत्रात मोडते आणि दोन तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीविना मंजूर आराखडा बदलता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करावी, जमिनीचे अभिहस्तांतरण करून घ्यावे. विकासक टाळाटाळ करीत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहेच.

लातूरकरांनी हे सामूहिक बळ एकदा दाखविले आहे. २०१६ च्या दुष्काळात डॉ. अशोकराव कुकडे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकाराने 'जलयुक्त लातूर'साठी लोकवर्गणी उभी राहिली आणि मांजरेचे पात्र खोल व रुंद झाले. 'ग्रीन लातूर वृक्ष टीम'चे कार्यकर्ते रस्त्यांच्या कडेने झाडे लावून जगवीत आहेत. हीच चळवळ आता रस्त्यावरून संकुलाच्या फाटकातून आत गेली पाहिजे.

आपल्या वसाहतीची खुली जागा कोणती, तिचे क्षेत्रफळ किती आणि आज तेथे काय आहे, एवढी माहिती प्रत्येक शाखेने एका महिन्यात गोळा करावी. जेथे जागा मोकळी असेल तेथे झाडे लावावीत आणि मधले मैदान मुलांसाठी राखावे. पिढ्यान् पिढ्या संघस्थान म्हणून आपण ज्या मातीला प्रणाम केला, ती माती वस्तीवस्तीतून नाहीशी होत आहे. मैदानच उरले नाही तर सायंकाळी खेळावयास येणारी मुले कोठून येणार आणि त्यांच्यातून घडणारा उद्याचा समाज तरी कोठून येणार?