विद्यापीठें आणि धर्माचा अभ्यास

आपल्याकडील एखाद्या पदवीधर तरुणास शेजाऱ्याच्या धर्माविषयीं कांहीं विचारावें तर तो गोंधळतो. त्याच्या स्वतःच्या धर्माविषयीं विचारावें तर तो रागावतो. यांत सर्व दोष त्या तरुणाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या शिक्षणक्रमांतून तो बाहेर पडला, त्यांत धर्म हाहि शांतपणें प्रश्न विचारण्याचा विषय आहे, असें त्यास कोणीं सांगितलेंच नाहीं. मुंबईचें विद्यापीठ सन १८५७ मध्यें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. परकीय सरकारास प्रजेच्या धर्मांत हात घालावयाचा नव्हता, म्हणून धर्म वर्गाच्या बाहेर राहिला. त्या काळीं तें शहाणपणाचेंच होतें. परंतु सरकारनें तटस्थ राहणें निराळें आणि प्रजेनें अजाण राहणें निराळें, हा भेद आपण पुढेंहि फारसा मनावर घेतला नाहीं.

धर्माची दीक्षा व धर्माचा अभ्यास या दोन भिन्न गोष्टी होत, हें युरोपासहि सहजासहजीं उमगलेलें नाहीं. ऑक्सफर्ड येथील संस्कृतच्या बोडेन अध्यासनाची हकीकत या दृष्टीनें वाचण्याजोगी आहे. मुंबई इलाख्याच्या देशी पायदळांत नोकरी केलेले लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडेन यांनीं आपली मिळकत या अध्यासनास दिली, ती संस्कृतच्या ज्ञानानें हिंदी लोकांस ख्रिस्ती करणें सुलभ व्हावें या हेतूनें! सन १८६० मध्यें ही जागा रिकामी झाली तेव्हां ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर व मोनियर विल्यम्स यांच्यांत निवडणूक झाली. मतदार विद्यापीठाचे पदवीधर, व त्यांत पाद्र्यांचा भरणा मोठा. मॅक्समुल्लर जन्मानें जर्मन आणि त्यांचीं धर्ममतें उदार; ८३३ विरुद्ध ६१० मतांनीं ते पडले. पुढें सन १८७० मध्यें याच पराभूत पंडितानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें चार व्याख्यानें देऊन, धर्माचेंहि शास्त्र होऊं शकतें असा पक्ष मांडला. ज्यास एकच भाषा येते त्यास आपली भाषाहि खऱ्या अर्थानें कळत नाहीं, असा जो विचार गटे यांनीं मांडला होता, तोच त्यांनीं धर्मास लावला.

सन १८७९ पासून त्यांच्या संपादकत्वाखालीं पूर्वेकडील पवित्र ग्रंथांची इंग्रजी माला निघूं लागली आणि सन १९१० पर्यंत तिचे ५० खंड झाले. त्यांतील आठव्या खंडांतील भगवद्गीतेचें भाषांतर आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनीं केलेलें आहे. ही माला मोठीच कामगिरी होय, यांत संशय नाहीं. परंतु या सर्व खंडांत बायबल मात्र नाहीं. वेद, अवेस्ता, कुराण, धम्मपद हीं सर्व एका ओळीनें बसलीं. यजमानांच्या घरचें पान तेवढें निराळें मांडलें गेलें. पंक्तिभेदाची खोड एकट्या आपल्याच समाजास आहे असें समजण्याचें कारण नाहीं. दुसरें असें कीं, या पद्धतींत धर्म म्हणजे पोथी असें समीकरण होऊन बसलें. नवस, जत्रा, कुळाचार, पंढरीची वारी यांत जो धर्म नांदतो, त्यास ५० खंडांत कोठें जागा नव्हती.

ही उणीव ज्यानें मुख्यतः ओळखली, त्या विद्वानाच्या वांट्यास काय आलें, हें सांगितलें पाहिजे. विल्यम रॉबर्टसन स्मिथ हे स्कॉटलंडांतील फ्री चर्चचे पाद्री व ॲबर्डीन येथील त्या पंथाच्या कॉलेजांत हिब्रूचे अध्यापक. सन १८७५ मध्यें त्यांनीं एका इंग्रजी ज्ञानकोशांत बायबलवर लेख लिहिला व त्यांतील जुन्या ग्रंथांची घडण निरनिराळ्या काळीं झाली असल्याचें दाखविलें. ते अश्रद्ध नव्हते. शेवटपर्यंत श्रद्धाळूच राहिले. तथापि त्यांच्यावर पाखंडाचा आरोप आला, चौकशी वर्षानुवर्षें चालली, सन १८८० मध्यें ताकीद देऊन त्यांस सोडण्यांत आलें, आणि सन १८८१ मध्यें अखेर अध्यासनावरून दूर करण्यांत आलें. पुढें केंब्रिजनें त्यांस आश्रय दिला. सन १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सेमिटिक लोकांच्या धर्मावरील त्यांच्या ग्रंथांत, प्राचीन धर्माचें मूळ मतांपेक्षां आचारांत व समाजबंधनांत शोधावें, असें प्रतिपादन आहे. आम्हां हिंदी लोकांस तें चटकन पटतें. आपल्या खेड्यांतील कुणब्यास त्याचा धर्म विचारा. तो सिद्धान्त सांगणार नाहीं, कुळदैवत सांगेल.

हॉलंडांत सन १८७६ च्या कायद्यानें सरकारी विद्यापीठांतील धर्मविभाग चर्चच्या ताब्यांतून मोकळे झाले व दुसऱ्याच वर्षीं लायडन येथें टीले यांनीं धर्मेतिहासाचें अध्यासन स्वीकारलें. फ्रान्समध्यें सन १८८६ त पॅरिस येथें धर्मशास्त्रांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग सरकारी खर्चानें उघडला. म्हणजे एकीकडे राज्य धर्मापासून अलग होत होतें आणि त्याच वेळीं धर्माचा अभ्यास विद्यापीठांत शिरत होता. या दोहोंत विरोध आहे असें तेथें कोणास वाटलें असेलहि. पण राज्यकर्त्यांस तें वाटलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्रास हा विषय अगदींच परका नाहीं. विठ्ठल रामजी शिंदे सन १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत तौलनिक धर्माचा अभ्यास करून आले, आणि सन १९०६ मध्यें त्यांनीं अस्पृश्यांच्या सेवेसाठीं मंडळी स्थापिली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा वैष्णव, शैव व इतर पंथांवरील ग्रंथ सन १९१३ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें छापला गेला. सकाळीं प्रार्थना करणारा मनुष्य दुपारीं वासुदेवभक्तीच्या उगमाचा पुरावा तपासूं शकतो, व त्यानें त्याची प्रार्थना बाटत नाहीं, हें या दोघांच्या चरित्रांवरून दिसतें.

मग अडचण कोठें आहे? कायद्यांत तर खास नाहीं. घटनेच्या २८ व्या कलमानें सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मोपदेशास मनाई आहे. परंतु डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगानेंच पदवीच्या पहिल्या वर्षीं थोर धर्मपुरुषांचीं चरित्रें, दुसऱ्या वर्षीं धर्मग्रंथांतील वेंचे व तिसऱ्या वर्षीं धर्माचें तत्त्वज्ञान शिकवावें, अशी शिफारस केली होती. सन २००२ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें धर्मांचा अभ्यास हा धर्मोपदेश नव्हे असा निर्णय दिला. ज्या अभ्यासक्रमावरून तो वाद गेला, त्याविषयीं आमचे स्वतःचे आक्षेप आहेत. पण भेद योग्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि सन १९६३ मध्यें सरकारी शाळांतील बायबलचें भाविक वाचन अवैध ठरवितांना हाच भेद केला होता. पतियाळा येथें सन १९६७ पासून असा स्वतंत्र विभाग आहे. आमच्याकडे संस्कृत, पाली, तत्त्वज्ञान हे विभाग आहेत व त्यांत चांगलें कामहि होतें. परंतु सर्व धर्म एका फळ्यावर मांडून पाहण्याची वहिवाट नाहीं.

अडचण भीतीची आहे, आणि ती भीति निराधार नाहीं. बहुसंख्याकांचा पक्ष अशा विभागांत शिरून त्याचें देऊळ करील, असें कांहीं सुधारकच म्हणतात. दुसऱ्या बाजूस, भाविकांचा क्षोभ होईल म्हणून कुलगुरु हात आंखडतात. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्यांत भांडारकरांच्याच नांवाच्या संस्थेंत जमाव शिरला व पोथ्यापुस्तकांची नासधूस झाली. निमित्त धर्माचें नव्हतें, एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचें होतें. परंतु त्यानंतर नाजूक विषयावर लिहूं इच्छिणाऱ्या अध्यापकानें हात आंखडला तर त्यास दोष कोण देईल?

म्हणून नुसते विभाग उघडा, इतकेंच आमचें म्हणणें नाहीं. अध्यापकाची नेमणूक त्याचा धर्म पाहून होऊं नये. मुसलमान अध्यापकानें वैष्णव पंथ शिकवावा व हिंदु अध्यापकानें हदीसचा इतिहास शिकवावा, यांत कोणास नवल वाटूं नये. उत्तरपत्रिकेंत विद्यार्थ्याची श्रद्धा न तपासतां पुरावा तपासावा. पोथीइतकेंच जत्रेकडेहि लक्ष द्यावें. आणि एखाद्या व्याख्यानाविरुद्ध तक्रार आली तर तिचा निकाल त्या विषयाच्या जाणकारांनीं लेखी कारणें देऊन करावा, व तो होईपर्यंत अध्यापकास वर्गांतून काढूं नये, असा स्पष्ट नियम विद्यापीठानें विभाग उघडण्यापूर्वींच करून ठेवावा.