अथेन्समध्ये झाडू कोण मारत होते?

गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. आत अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वस्तीतली एक मुलगी मोठ्याने वाचत होती, ‘लोकशाहीची जन्मभूमी म्हणजे प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरी.’ आमच्या शेजारी सफाई खात्यात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांनी तिला हाक मारून विचारले, ‘‘पोरी, त्या अथेन्समधी झाडू कोन मारत व्हतं, ते लिवलंय का बघ.’’ पुस्तकात ते नव्हते. मुलगी हसली, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचे हे चार शब्द.

अथेन्सचे मोठेपण आधी सांगितले पाहिजे. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस या पुढाऱ्याने जन्मावर उभ्या असलेल्या चार जुन्या गटांचे राजकीय वजन मोडले आणि नागरिकांचे दहा नवे गट केले. एकेका गटात शहर, किनारा आणि आतला मुलूख अशा तिन्ही भागांतली माणसे मिसळून टाकली. पुढे प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून ५० जण निवडत आणि अशी ५०० जणांची परिषद वर्षभर काम पाही. प्निक्स टेकडीवर सभा भरे. तिथे हजारो नागरिक हात वर करून युद्ध आणि तह ठरवीत.

गरिबाला ही सत्ता कशी मिळाली? इराणच्या बादशहाने ग्रीसवर स्वारी केली तेव्हा, इ.स.पू. ४८० मध्ये, सॅलामिसच्या सागरी लढाईत ग्रीकांनी त्याचा पराभव केला. अथेन्सची गलबते वल्हवणारे बहुतेक गरीब होते. त्यांच्याजवळ ना जमीन, ना घोडा. पण ज्यांच्या हाताला वल्ह्याचे घट्टे पडले होते त्यांच्यावाचून नगर वाचत नाही हे उघड झाले आणि सभेत त्यांचा शब्द वजनदार झाला. पेरिक्लिसच्या काळात न्यायसभेत बसणाऱ्याला रोजचा भत्ता सुरू झाला. हातावर पोट असलेल्या माणसालाही न्यायदानात बसता यावे, अशी ती सोय होती. याच नगरीत सोफोक्लिसची नाटके झाली, पार्थेनॉनचे मंदिर उभे राहिले आणि सॉक्रेटिस चौकात उभा राहून लोकांना प्रश्न विचारीत फिरला.

आता आजोबांचा प्रश्न. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात नोंद आहे, की रस्त्यात मेलेल्यांची प्रेते उचलण्यासाठी सरकारी गुलाम नेमलेले असत. सॅलामिसची गलबते ज्या चांदीच्या पैशातून बांधली, ती चांदी लॉरियनच्या खाणीतली होती. त्या खाणींत खपणारे गुलामच होते. त्यांना मत नव्हते. स्त्रियांना मत नव्हते. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनाही नव्हते. खुद्द ॲरिस्टॉटल बाहेरगावचा, त्यालाही नव्हते. तरी त्याच विद्वानाने लिहून ठेवले, की काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. वाचकहो, हा विचार आपल्याला कुठेतरी ओळखीचा वाटतो ना?

आजोबांच्या मनातली गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या पुण्यातच सांगून ठेवली आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात त्यांचे व्याख्यान झाले. विषय होता, लोकशाही यशस्वी होण्यासाठी आधी काय काय असावे लागते. सुरुवातीलाच त्यांनी अथेन्सचे उदाहरण घेतले. तिथली निम्मी माणसे गुलाम होती आणि त्यांना राज्यकारभारात स्थान नव्हते, तेव्हा ती लोकशाही आणि आपली लोकशाही एक नव्हे, असे त्यांनी बजावले. मग एकेक अट सांगितली. समाजात डोळ्यांत खुपणारी विषमता नको. विरोधी पक्ष हवा. कायद्यापुढे आणि कारभारात समान वागणूक हवी. बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये. आणि हवी ती संविधानिक नीतिमत्ता.

हा शेवटचा शब्दही ग्रीसच्याच इतिहासातून आला आहे. जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने बारा खंडांत ग्रीसचा इतिहास लिहिला आणि त्यात क्लेइस्थेनिसच्या संदर्भात ही कल्पना मांडली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रोटचा दाखला दिला आणि सांगितले, की ही नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते.

ती नसली म्हणजे काय होते, तेही अथेन्सनेच दाखवले. इ.स.पू. ४३१ पासून अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात मोठे युद्ध पेटले. ४२८ मध्ये मिटिलीनी या नगरीने अथेन्सविरुद्ध बंड केले. सभेने रागाच्या भरात ठराव केला, की तिथल्या सर्व पुरुषांना मारा आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विका. हुकूम घेऊन गलबत निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन खाऊ लागले. पुन्हा सभा भरली, थोड्या मतांनी ठराव फिरला आणि मागून सोडलेले गलबत जेमतेम वेळेवर पोहोचले. तरी बंडाचे पुढारी मारले गेलेच. पण पुढे मेलोस बेटावर तसाच हुकूम सुटला, तेव्हा तो परतवायला दुसरे गलबत निघाले नाही. आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सुमारे ५०० पंचांच्या बहुमताने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला. हात मोजून झाले म्हणजे न्याय झाला, असे नव्हे.

मग लोकशाही ही ग्रीकांचीच ठेव काय? नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आठवण करून दिली, की भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते. संघात ठराव मांडला जाई आणि मतभेद झाल्यास शलाका वाटून मते घेतली जात. याची आणखी एक खूण आपल्या घराजवळ आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांत जा. चैत्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे परदेशी. त्याच लेण्यात दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, भिक्खुणींची नावे आहेत. अथेन्सच्या सभेत सुताराला जागा होती, पण परक्याला आणि स्त्रीला नव्हती. इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिघांचीही नावे एका लेण्यात बसली.

एवढे टिपण तयार करून आम्ही मंगळवारी विहारात गेलो आणि आजोबांना व त्या मुलीला वाचून दाखवले. कार्ल्याचे ऐकून आजोबांची छाती फुगली. मुलगी मात्र गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘‘आजोबा, आपल्या विहारात झाडू कोण मारतं?’’

आम्ही दोघेही खाली बघू लागलो. विहार झाडतात आमच्या आयाबहिणी. पौर्णिमेची खीर त्याच रांधतात, वर्गणी दारोदार फिरून त्याच गोळा करतात. आणि विहाराच्या समितीवर अकरा जण आहेत, अकराही पुरुष. आम्ही त्यांतले एक. इतक्या वर्षांत कोणा बाईला ‘तुमचे मत काय’ असे आम्ही विचारलेले नाही. अथेन्सला नावे ठेवताना आम्हाला हे दिसले नव्हते.

आजोबा बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘पोरीचं बराबर हाय. माझी जागा मी सोडतो, तिच्या आजीला घ्या.’’

पण एका आजोबांनी जागा सोडून भागणार नाही. समितीची सभा येत्या पौर्णिमेला आहे. निम्म्या जागा महिलांच्या आणि झाडू सगळ्यांच्या पाळीने, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. विरोध करणाऱ्यांचेही पुरते ऐकून घेऊ आणि मगच मते मोजू. आपल्या वस्तीच्या विहारात काय चालते, तेही वाचकांनी एकदा डोळे उघडून पाहावे.

जयभीम.