रंगाचे पाणी आणि उसाचे चिपाड

शेतीतील टाकाऊ पदार्थांनी कापड-रंगाईचे सांडपाणी शुद्ध करता येते, हा विचार आपल्या प्रयोगशाळांतून गेली अनेक वर्षे मांडला जात आहे. उसाचे चिपाड, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा यांच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू चिकटून बसतात. रसायनशास्त्र या क्रियेला अधिशोषण म्हणते. सक्रिय कोळसा हेच काम अधिक चांगले करतो, पण तो महाग पडतो. म्हणून या विचाराचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या वहीतही एकदा मांडून पाहावा.

इचलकरंजीचे उदाहरण घेऊ. तेथे यंत्रमागांवर विणलेले कापड रंगविले जाते आणि आसपास साखर कारखानेही आहेत. रंगीत पाणी आणि चिपाड ही दोन्ही एकाच पंचक्रोशीत आहेत. पंचगंगा पुढे शिरोळ तालुक्यातून वाहत जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. तिच्या प्रदूषणाची झळ या खालच्या गावांना बसते. मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण रसायनाची. वनस्पतिजन्य पदार्थांचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणप्रभारी असल्यामुळे मेथिलीन ब्लूसारखे धनप्रभारी रंग त्यावर सहज बसतात. सुती कापडाला लागणारे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणप्रभारी असतात. पाणी आम्लधर्मी केल्याखेरीज किंवा चोथ्यावर रासायनिक संस्कार केल्याखेरीज ते फारसे चिकटत नाहीत. शिवाय या रंगाईत भरपूर मीठ वापरले जाते. ते चोथ्याने निघत नाही. पाणी नितळ दिसेल आणि शेत खारावेल.

दुसरी अडचण किमतीची. चिपाड टाकाऊ कोणाच्या दृष्टीने? गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के निघणारे हे चिपाड कारखान्याच्या बॉयलरचे इंधन आहे. त्यापासून वीज होते, कागद होतो. भाताचे तूसही भट्टीत जाते. ज्याला पर्यायी उपयोग आहे, ते फुकट नसते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. रंगाने भरलेल्या चोथ्याचे काय करावयाचे? तो उकिरड्यावर टाकला तर पावसाने रंग पुन्हा सुटेल. नदीतील घाण जमिनीवर गेली, एवढेच समाधान!

के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, उद्योग आपल्या खर्चाचा काही भाग इतरांच्या माथी मारतो आणि त्यामुळेच त्याचा हिशेब फायद्याचा दिसतो. तमिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हा भार वर्षानुवर्षे वाहिला. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्या बंदीचा पहिला फटका कामगारांच्या रोजीला बसला. आधी शेतकरी, मग मजूर. वर्षानुवर्षांच्या बेफिकिरीची किंमत त्यांनीच मोजावी, हा कोठला न्याय?

म्हणून चोथ्याचा उपयोग अवश्य व्हावा, परंतु सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातील एक टप्पा म्हणून. वापरलेला चोथा योग्य तापमानाच्या बंदिस्त भट्टीत जाळण्याची आणि राखेची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या केंद्रावरच असावी. मजुरीवर कापड रंगविणाऱ्या लहान कारखानदाराला हा बोजा एकट्याने पेलणार नाही. ज्या व्यापाऱ्याचे कापड त्याच्याकडे येते, त्याच्याकडून दर मीटरमागे शुद्धीकरणाचा वाटा घेतला पाहिजे. केंद्राच्या देखरेखीवर नदीच्या खालच्या अंगाच्या गावांचे प्रतिनिधी असले पाहिजेत, कारण पाणी शुद्ध झाले की नाही हे त्यांना प्यावयास लागल्यावर कळते.

स्वस्त तंत्र ही गरीब देशाची गरज आहे. पण तंत्र स्वस्त आहे म्हणून जबाबदारीही स्वस्त होत नाही. ती कोणी उचलावयाची, हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. ते लोकांनी संघटित होऊन ठरवावयाचे आहे.