घोट्यांची सूज अंगावर काढू नका

पनवेलहून गणपतीला कोकणात निघालेली गाडी कोंडीत अडकली, की आठ-दहा तास पाय लोंबकळत राहतात. पोटऱ्या हलल्या नाहीत, तर रक्त हृदयाकडे नीट परतत नाही आणि घोटे सुजतात. क्रूझवर खारट जेवणाची भर पडते. उपाय साधे आहेत: तासाभराने चार पावले चालावे, बसल्या जागी पंजे वर-खाली करावेत, वेफर्स-फरसाण आवरावे, मुक्कामी पाय उशीवर ठेवावेत. स्वच्छतागृहांच्या गैरसोयीमुळे अनेक महिला पाणीच टाळतात. त्याने सूज टळत नाही. थांब्यांवर स्वच्छतागृहे हवीत, ती आरोग्यासाठीच. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखले, तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको.